सरांच्या कागदांचे कापलेले समास

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. एका बाईंचे आहे, पण ते त्यांनी आणलेले नाही, माझे मीच ओढवून घेतले आहे.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला. मागची खिडकी फुगते, तिला खालून लाथ मारावी लागते. जावयांनी उगाच सुतार बोलावू नये. बँकेत जे काही असेल तेही मुलीचेच.

२. कारखाना, कापायचे मशीन, पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभणे आणि घड्या मोडायच्या हाडाच्या पट्ट्या पुतण्याला. गेली सोळा वर्षे कारखाना तोच ओढतो आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, नाहीतर डोक्यावर बसला असता. आता बसला तरी हरकत नाही. मात्र त्याच्यासाठी एक अट आहे, ती कलम पाचमध्ये.

३. थोरल्या मेहुण्यांना काहीही नाही. चारचौघांत त्यांनी मला 'खळबहाद्दर' म्हटले आणि ते नाव सगळ्या नातेवाइकांत जन्मभर चिकटले. माझी चिकटवायची खळ एवढी पक्की कधीच नव्हती. वकीलसाहेबांनी विचारले, ज्याला द्यायचे काही नाही त्याचा उल्लेख कशाला? मी म्हटले, राहू द्या, तेवढीच हौस.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

विद्यापीठात पुरांचा इतिहास लिहिणारे एक मोठे विद्वान होते. सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत. ते वारल्यावर त्यांची पत्रे, टिपणे आणि कच्चे खर्डे चिरंजीवांनी ग्रंथालयाला दिले. वाळवीच्या तोंडून वाचलेले तेवढेच. ग्रंथालयाने ते बांधायला माझ्याकडे पाठवले, नऊ खंड होतील एवढे.

सर पानाच्या मधोमध शाईने लिहीत. दोन्हीकडच्या समासांत पेन्सिलीचे बारीक अक्षर होते, ते बाईंचे. बाई म्हणजे सरांच्या मदतनीस, बावीस वर्षे. मला वाटले, शुद्धलेखन तपासले असेल. पण बांधायची तर पाने क्रमाने लावावी लागतात, आणि लावताना वाचली जातात. कोणत्या साली पाणी कुठवर चढले, सरांचा आकडा कुठे चुकला, पुढचा परिच्छेद कसा हवा, सगळे समासात होते. पुढच्या खर्ड्यात तेच सरांच्या शाईत. ज्या ग्रंथाने सरांचे नाव झाले, तो निम्मा तरी बाईंचा होता.

चिरंजीव एकदा कारखान्यात डोकावले आणि जरा नीटनेटके दिसू द्या, एवढेच म्हणाले. समास कापा, असे ते म्हणाले नाहीत. त्यांच्यावर ढकलायचा मोह मला तीस वर्षे होतो आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहितो की कापले मी, माझ्याच बुद्धीने. कारण सांगायला लाज वाटते. त्याआधी दोन वर्षे बाईंनी मी बांधलेले एक पुस्तक भर ग्रंथालयात परत केले होते, कारण चौसष्टाव्या पानापुढे थेट एक्क्याऐंशीवे आले होते. चूक माझी होती. पण शिपाई हसले होते, आणि ते हसणे मी मनात धरून बसलो. नऊ खंडांची पाने मी एका दुपारी शाईच्या अक्षरालगत कापली. कापताना मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

पुढे वर्षभराने बाईंनी सरांच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज केला. समितीने विचारले, तुमचे स्वतःचे काम कुठे आहे? बाई म्हणाल्या, सरांच्या कागदांच्या समासांत. खंड मागवले. समासच नव्हते. मग मला बोलावले. बाई समोरच्या खुर्चीत होत्या. पानांच्या कडेला कोणाचे काही लिहिलेले होते का, असे अध्यक्षांनी विचारले.

"साहेब, आम्ही कागद बांधतो, वाचत नाही," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. त्या उठून गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत एका शाळेत भूगोल शिकवत राहिल्या. विद्यापीठात त्यांची नालस्ती झाली, मेलेल्या माणसाच्या कामावर हक्क सांगतात म्हणून. ती मी कारखान्यात बसून ऐकली आणि खळ ढवळत राहिलो. मी नीच वागलो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

५. कापलेल्या पट्ट्या मी फेकल्या नाहीत. यात माझा चांगुलपणा नाही. आमच्या धंद्यात कागद वाया घालवत नाहीत, अशा पट्ट्या पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर म्हणून चिकटवतात. दीडेकशे उरल्या, त्या लोखंडी कपाटात खालच्या खणातल्या पत्र्याच्या डब्यात आहेत. बाकीच्या त्या साली ग्रंथालयासाठी बांधलेल्या त्रेचाळीस पुस्तकांच्या पाठीत आहेत. म्हणजे बाईंचे काम इतकी वर्षे विद्यापीठातच उभे आहे. त्रेचाळीसांची यादी, दाखल क्रमांकांसह, सोबत जोडली आहे.

माझ्या मृत्यूनंतर पुतण्याने ग्रंथपालांची परवानगी काढून एकेक पाठ उकलावी. ओलसर फडके ठेवून पट्टी सोडवावी, ओढू नये. पेन्सिल पाण्याला भीत नाही, कागद भितो. ती माझी सगळ्यात चांगली बांधणी आहे, पण फाडताना हळहळू नये. हे केल्याशिवाय कारखाना त्याच्या नावावर होणार नाही. डबा आणि सगळ्या पट्ट्या बाईंना, आणि त्या नसल्या तर त्यांच्या भाचीला.

६. इथवर मंगळवारी लिहिले. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. बाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. म्हणजे आधी कोण जातो याची मी पैज लावून बसलो होतो. म्हणून बुधवारी डबा काखेत मारून त्यांच्या घरी गेलो. भाचीने दार उघडले. बसा म्हणाली, बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले आणि हा कागद वाचून दाखवला.

बाईंनी भिंग घेऊन एक पट्टी बराच वेळ पाहिली. पूल वाहून गेला त्या सालचे आहे हे, असे भाचीला म्हणाल्या. क्षमा मागायला माझे तोंड नव्हते आणि त्यांनीही दिली नाही. मग कलम पाच त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

"तुम्ही मेल्यावर विद्यापीठवाले हे वाचणार. मग त्यांनी चार प्रश्न विचारले तर उत्तर कोण देणार? या पट्ट्या?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"मेलेल्या माणसाची साक्ष मला नको. चांगले धडधाकट आहात. माझ्याबरोबर चला आणि जिथे खोटं बोललात तिथे खरं बोला."

भाचीने कुलसचिवांची वेळ घेतली आहे, आज सकाळी अकराची. म्हणून कलम पाचमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी रद्द करतो. डबा आता बाईंकडेच आहे, बाकी सर्व कायम. वाटेत मेलोच तर हा कागद पुढे करावा, पण बाईंना तो पुरणार नाही.

सही वाकडी आली आहे, तरी डॉक्टरांच्या दाखल्यावर शंका घेऊ नये. बाई खाली येऊन उभ्या आहेत आणि मी घाबरलो आहे.

सही: खुद्द, बांधणीकार
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर  २. शेजारचे शिंपी
(दोघांच्या देखत सही केली, दोघांनी माझ्या देखत केली.)
ठिकाण: राहते घर
दिनांक: चौदा मार्च, सोमवार, सकाळी सव्वादहा