तीन नंबरचं डुक्कर

मंगळवार, संध्याकाळ

महिनाभर छळणारं कोडं आज सुटलं आणि माझ्या प्रयोगाची थोडी वाट लागली. तरी गोराईहून बोरिवलीला येताना बोटीत हसूच येत होतं.

प्रबंधासाठी मी ग्रेसी आंटीच्या चार डुकरांना जास्त कोंड्याचं खाद्य देतेय. कोंडा वाढला की प्रथिनं नीट पचत नाहीत, बरीचशी विष्ठेतून निघून जातात. मग वजनही कमी वाढतं. तिघांचं तसंच झालं. तीन नंबर मात्र गुटगुटीत! मी वजनकाटा बदलून पाहिला, खाद्य पुन्हा मोजलं. आंटीला विचारावं, एवढं का नाही सुचलं मला?

आज तीन नंबरच्या विष्ठेत माशाचे काटे सापडले.

"आंटी, याला मासे घालता?"

"नुसती डोकी गं. कोंडा खाऊन माझ्याकडे बघत बसायचं ते. कोंड्याने पोट भरतं, अंग नाही भरत."

म्हणजे माझा अख्खा प्रबंध हिने एका वाक्यात उरकला. रागावू तरी कशी? तीन नंबर गाळावा लागणार. उद्या सरांना खरं सांगून टाकेन. ओरडतील. ओरडू देत. तिघांचे आकडे तरी खरे आहेत.

निघताना आंटीने तळलेल्या बोंबलांचा डबा पुढे केला. मी म्हटलं, नको, चपात्या आहेत माझ्याकडे. आई पीठ चाळत नाही, कोंड्यासकट करते, एकदम पौष्टिक.

आंटीने माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. म्हणाली, "तेच तर."