परकी न दिसणारी माणसं

प्रिय धाकट्या,
रागासकट आशीर्वाद.

तुझी प्रदर्शनाची कमिटी म्हणते, मी इथून, परदेशातून, काढून पाठवलेले चेहरे परदेशातले वाटतच नाहीत. त्यांच्या डोक्याला काहीतरी बांधून पुन्हा काढा, नाहीतर हॉल मिळणार नाही. इथली इस्त्रीवाली आपल्या मावशीसारखी दिसते, त्याला मी काय करू?

तिला हे सांगितलं, तर इस्त्री न थांबवता म्हणाली, "त्यांना इकडे पाठवा बाई. मग परकं कोण दिसतं ते बघू."

गुडघा ठीक आहे. जिना दिवसातून एकदाच चढते. भावजयीचा खोकला गेला का?

मी एक रेघही बदलणार नाही. चित्रं परत पाठव, प्रदर्शन इस्त्रीच्या दुकानातच भरवते. तिने भिंत मोकळी केली आहे. कमिटीला जरूर बोलाव; परदेशी माणसं म्हणून त्यांचेच चेहरे काढीन.

तुझी, कुणाचं न ऐकणारी,
ताई