आईचं गोंदण आणि नवा कॅमेरा

शनिवार, संध्याकाळ

किळस आली त्या दुकानाची. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेरच येईना, म्हणून नवा, पर्समध्ये मावेल असा घ्यायला आईला घेऊन पनवेलला गेले. मोबाइलवर फोटो नकोच. त्यात तिच्या कपाळावरचं गोंदण पार धुऊन निघतं. दुकानदाराने कॅमेरा रोखल्यावर आईने स्वतःहून पदर मागे सारला. फोटोत चेहरा म्हणजे नुसता मैद्याचा गोळा! आणि हा खूश: "बघा मावशी, डाग गेले सगळे."

"डाग नाय रं, गोंदन हाय," आई हसत म्हणाली. "सोनं हितंच ऱ्हानार, ह्ये मेल्यावर माझ्यासंगती येनार."

चेहरा गुळगुळीत करणारं ते सेटिंग मी त्याला बंद करायला लावलं. पुन्हा फोटो. गोंदणाचा ठिपका न् ठिपका आला! मी हात पुढे करेपर्यंत त्याने तो डिलीट करून टाकला. "हा खराब आला, मॅडम."

खराब? काय खराब होतं त्यात? नाही घेतला कॅमेरा. परतताना रिक्षात आईने पदर कपाळावर ओढून घेतला. गावी नेऱ्याला घरी येऊन चहा झाला, तरी पदर तसाच आहे.