वर्तुळ क्रमांक सात

९ ऑक्टोबर
वर्तुळ आमच्याच घरावर पडलं! पेंग्विन मोजायची सात वर्तुळं राजधानीतल्या संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यागत काढली, आणि सातवं नेमकं माझ्या स्वयंपाकघरावर. मी दोरी लावत बाहेर, एवारिस्तो आत माते नावाचा कडू चहा पीत बसलेला. रेडिओवरून गणनेच्या लेदेस्मा साहेबांना विचारलं. म्हणाले, नियम वाच. वाचला — पिल्लं समुद्रात जाईपर्यंत मोजणाऱ्यानं आत जायचं नाही, आणि आखतेवेळी आत जे होतं ते हलवायचं नाही.
"आणि माझा नवरा?"
"आखताना कुठे होता?"
"आत."
"मग राहू दे आतच."
मी तंबूत. तेवीस वर्षांचा संसार, मध्ये वीस पावलं.

११ ऑक्टोबर
नियम मोडता येत नाही, हीच तर गोची आहे. एक वर्तुळ बाद तर अख्खी गणना बाद, आणि गणना नसेल तर किनाऱ्यावरून पर्यटकांच्या बसगाड्यांचा रस्ता जाणार. खुणेचे खुंट गेल्याच वर्षी ठोकून ठेवलेत, पेंग्विनांच्या बिळांच्या मधोमध.
आज घरटी चौदा. त्यातलं एक आमच्या पलंगाखाली, मोडक्या फळीतून आत. इतर प्राणी : नवरा, एक.

१७ ऑक्टोबर
एवारिस्तो दारातून ओरडला, "निल्दा, मीठ कुठं ठेवतेस गं?" तेवीस वर्षं! सांगितलं. खूश होऊन त्यानं माझ्याकडे गरम तळलेली रोटी भिरकावली. ती कुरव पक्ष्यानं वरच्यावर लांबवली. आता कुरवांचा थवा दारातच बसून असतो, आणि कुरव अंडी खातात. धोक्यांच्या रकान्यात लिहावं लागलं — नवरा.
साहेबांनी विचारलं, "प्रमाण वाढतंय का?"
म्हटलं, एकच आहे, साहेब.
"हालचाली लिहून ठेव. वेळेसकट."

१८ ऑक्टोबर
१०.१० बाहेर आला. मागोमाग पलंगाखालची मादी. दोघं पाण्याच्या पिंपापर्यंत. १०.२० दोघं परत. तो तिच्याशी सारखा बोलत होता. माझ्याशी इतकं कधी बोललाय? राग आला, म्हणून लिहिते.

३० ऑक्टोबर
वारा. तंबू दोनदा उडाला.

१० नोव्हेंबर
पलंगाखाली दोन पिल्लं! "निल्दा, नावं काय ठेवू?"
"तुझ्या आईचं ठेव. आवाज तोच आहे."
हसला. मग बराच वेळ दाराची चौकट धरून उभा राहिला.

१९ नोव्हेंबर
साहेबांना महिन्याचा तक्ता हवा होता, म्हणून मागची पानं काढली. पिल्लं : वाढ चांगली. कुरव : कमी. नवरा : दार ते पिंप, बारा पावलं. १८ ऑक्टोबरला न थांबता. २९ ला एकदा थांबला. ७ नोव्हेंबरला दोनदा. आज तीनदा, आणि बादली अर्धीच भरली.
पुन्हा मोजलं. चूक नाही. घरात असते तर कळलंही नसतं; घरात नवऱ्याकडे कोण बघतं? भीती वाटतेय.

२० नोव्हेंबर
ओरडून विचारलं. "काही नाही गं, म्हातारा झालोय. तू दोरी ओलांडू नको हं. रस्ता आला तर तूच रडत बसशील." साहेब म्हणाले, डॉक्टर पाठवतो, पण तेही दोरीबाहेरूनच तपासतील.

२१ नोव्हेंबर
१०.१० बाहेर आला नाही.
१०.२० नाही.
१०.३० मादी एकटीच आली. पिंपाशी उभी राहिली.
दोरी ओलांडली.

५ डिसेंबर
एवारिस्तोला शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं. हृदयाची नळी बुजली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर हातचा गेला असता, डॉक्टरीण म्हणाली. तक्ता तिनं ठेवून घेतला.
गणना बाद झालेली नाही! साहेबांनी त्याचं इस्पितळात जाणं 'स्थलांतर' म्हणून नोंदवलं. मी मात्र आत शिरले, म्हणजे आता आतलीच. मोजणीच्या कामावरून काढलं. तंबूत एक नवी मुलगी आलीय.

८ डिसेंबर
तिचा रेडिओ इथपर्यंत ऐकू येतो. आज साहेबांना सांगत होती, "माणसांची जोडी, एक. दोघं पिंपापर्यंत जातात. तो थांबला की ती थांबते."