पेटीतल्या गोळ्या

तेर,
२ डिसेंबर १९८३

प्रिय दादा,

सोलापूरहून आल्यापासून दोन फिट येऊन गेल्या. त्यातली एक दूध सोसायटीत, सकाळी ऐन गर्दीत. चेअरमन आबारावांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. शुद्धीवर आले तर कॅन घेऊन निम्मी गल्ली माझ्याकडं बघत उभी. मागं फिटमध्ये हातावर ॲसिड सांडलं तेव्हाच दुधातलं फॅट तपासायचं काम त्यांनी काढून घेतलं होतं. आता म्हणतात, वहीसुद्धा घरी बसूनच लिही. पावसाचा भरवसा नाही म्हणून गाव म्हशींवर जगतं, आणि मी त्या सोसायटीवर. तेही चाललं.

डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा लिहिते, कारण तू अर्धंच ऐकलंस. एक तर गोळ्या वाढवायच्या. आहेत तेवढ्या गोळ्यांनीच हिरड्या सुजल्यात, दिवसभर झापड असते आणि पाय भलतीकडं पडतो. नाहीतर मद्रासकडं जाऊन डोक्याचं ऑपरेशन. फिट थांबतील, निदान कमी होतील. पण फिट जिथून उठते त्याच्या शेजारीच बोलण्याची जागा आहे, तिला धक्का लागला तर वाचा जाईल. घाई करू नका, असं ते म्हणाले. आणि मी डोक्याला तारा लावून आत पडले होते, तेवढ्यात तू सही करून मोकळा झालास. नर्सनं मला सगळं सांगितलं. पेशंटला विचारलं का, असं तिनं म्हटल्यावर तू म्हणालास, "तिला काय इचारायचं? बोलनं गेलं तर गेलं, फिट तर थांबंल."

माझं बोलणं गेलं तर तुझी सोयच आहे, दादा.

बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं. बार्शीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर त्याआधी दोन वर्षं मला एकही फिट आली नव्हती. वाशीच्या सासरच्या माणसांना तू फिटचं काही सांगितलं नव्हतंस. नवरीची पेटी सासरी चार बायकांपुढं उघडतात, लुगडी मोजतात, हे तुला ठाऊक. म्हणून निघताना पेटीत हात घालून लुगड्याखालची गोळ्यांची बाटली तूच काढलीस. म्हणालास, "चार दिवस गोळी न्हाय घेतली तर मरत न्हायीस." मीही पेटी मिटून घेतली. तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाला पाटावर बसले आणि आडवी झाले. एक फिट थांबते न थांबते तोच दुसरी, दिवस मावळेपर्यंत. त्यांनी एस.टी.त बसवून मला परत धाडलं. फसवलं म्हणाले, खोटं नव्हतं ते.

पण गावात तू काय सांगितलंस? सत्यभामा गोळ्या घरी विसरली, येडीच ती. मायसुद्धा मरेपर्यंत तेच धरून बसली. नांदणं स्वतःच्या हातानं घालवलं, असं ती मला भाकरी वाढताना म्हणायची. तू शेजारी बसून जेवायचास. तेव्हापासून गोळ्या मला पूर्वीसारख्या लागूच पडल्या नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी लिहिणं थांबवलं. गोळ्या एकदम तोडल्या की असं होऊ शकतं, पुढचं सगळं त्यामुळंच झालं असं मात्र छातीठोक सांगता येत नाही, असं म्हणाले. डॉक्टर सज्जन आहेत.

पोस्टमास्तरांकडून काल डॉक्टरांना इंग्रजीत कार्ड लिहून घेतलं. भावाची सही रद्द करा, माझी घ्या. ऑपरेशन मी करणार आहे. मला बोलण्यापेक्षा शुद्धीत राहणं जास्त हवंय, आणि हे मी ठरवलंय, तू नाही. सोमवारी निघते. सोसायटीतली बनाबाई सोबत येतेय, तू येऊ नकोस.

परवा स्टँडवर तू म्हणालास, झालं गेलं मनात धरू नको. मी काही बोलले नाही. उद्या माझी वाचा गेली, तर सत्यभामेनं मला माफ केलं असं तू चारचौघांत सांगशील, आणि मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून हे पत्र. याची एक नक्कल बनाबाईजवळ ठेवली आहे. दादा, मी तुला माफ केलेलं नाही.

तुझीच धाकटी बहीण,
सत्यभामा