पहिली मूठ

सोमवार, भाद्रपद वद्य नवमी, शके १९४४

मास्तरीणबाईंनी शिकवलेली अक्षरं आज रागानं वाकडी येतायत.

थोरली जाऊ बी मागायला दारात आली. रानाला पेरनीजोगा वाफसा आलाय, आन् तिच्या ज्वारीच्या बियाला कीड लागलीय. माझं बियानं राखेत घोळलेलं, एक दाना किडला न्हाई.

माझ्या विसाव्या वर्सी मालक गेले. त्याच साली पेरनीला मी पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या तोंडावर, पहिली मूठ धरायला गेले, तर हिनं भावकीदेखत माझा हात झटकला. "रंडक्या हातानं पेरलंस तर रान वांझ ऱ्हाईल!" दाने मातीत सांडले. पन्नास वर्सं झाली, ती मूठ अजून माझ्या हातात हाय.

मी म्हनलं, "अक्का, बी न्या. पन उद्या तुमच्या रानात पहिली मूठ मी धरनार. सगळ्या भावकीला बोलवा."

ती म्हनाली, "ये."

माझं चुकलं का? न्हाई.

देवा, तिचं रान भरभरून पिकू दे. वरीसभर भाकरीचा हरेक तुकडा मोडताना तिला माझाच हात दिसू दे.