डोळे मिटून पारखलेला पियानो

जगनदादा, हे पत्र बापूला मोठ्यानं वाचून दाखव.

बापू, पुण्याहून तुमच्या निलमचा दोन्ही हात जोडून रामराम. मी मजेत हाय, जेवण येळेवर करते. बोटं जरा दुखून राहिली, पण ते रियाजानं, काळजी करू नका.

तुमची लेक जिंकली! आमच्या संगीतशाळेला ग्रँड पियानो घ्यायचा व्हता. भजनाच्या पेटीचा थोरला भाऊ समजा, बैलगाडीएवढा. दुकानात दोन व्हते. नवा आरशासारखा चमकत व्हता. जुन्याच्या पट्ट्या म्हाताऱ्या बैलाच्या दातावानी पिवळ्या. मोठ्या बाई म्हणल्या, नवाच घेऊ.

मी म्हणलं, थांबा. बाजारात तुमी बैल चालवायला लावता आन् पाठ फिरवून, डोळे मिटून नुसती खुरं ऐकता. मीबी तसंच केलं. बाईंना एकेक पट्टी हळू दाबायला लावली. समदे हसले. पण नवा मधीच अडखळला, काही पट्ट्यांचा सूर दबका निघाला, आन् जुना पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत बराबर चालला. मी हट्टानं जुनाच घ्यायला लावला.

काल त्याच्यावर पहिला कार्यक्रम झाला. टाळ्या तिकडं आपल्या वारंगा फाट्यापर्यंत ऐकू यायला पायजे व्हत्या! बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही पारख कुठं शिकलीस?"

मी सांगितलं, "बैलबाजारात, बापाच्या मागं फिरून."

याडीचा गुडघा कसा हाय? माझ्या माउलीला एकटीला पाणी आणू देऊ नका.

दादा म्हणतो, नीट दिसंना म्हणून तुमी बाजाराला जाणंच सोडलं. काहून? बापू, तुमी बैल कवा डोळ्यानं घेतला व्हता?

तुमची लाडकी अन् हट्टी,
निलम